मागे राहिलेला बुधो

माडवेळमध्ये बुधो नावाचा माणूस कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण आज तिथे कुणालाही विचारलंत, तर तो तुम्हाला हाताला धरून माडाच्या बनामागे नेईल, एक पडकं जोतं दाखवील आणि आवाज खाली आणून म्हणेल, हे बुधोचं घर. ते जोतं खरं तर मिठाच्या जुन्या कोठाराचं आहे. पण हे आता सांगून उपयोग नाही.

माडवेळला गावपळण आहे. दर तीन वर्षांनी मार्गशीर्षात रवळनाथाचा कौल झाला की गाव घरांना कुलपं घालतं आणि माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं घेऊन खाडीपलीकडे जातं. तिथे झावळ्यांच्या झोपड्या बांधायच्या, चुली मांडायच्या, भजनं म्हणायची, आणि तीन दिवस झाले की पुन्हा कौल घेऊन परतायचं. का, तर देवाचा हुकूम. गावाला एवढं कारण पिढ्यानपिढ्या पुरलं होतं. पोरांना शाळा नसायची, बायकांना सामायिक चूल असायची आणि पुरुषांना पत्ते. भीतीचं त्यात कुणाला काही वाटत नसे.

आणि एक सवलत होती. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं, बाळंतीण असली, तर त्यांच्यासाठी वेगळा कौल लावत. देवाच्या अंगावर पाकळी चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. पाकळी उजवी पडली की देवाची परवानगी. मग त्या घराच्या दाराला आंब्याचा टाळ, म्हणजे पानांची डहाळी, बांधायचा आणि ते माणूस निवांत मागे राहायचं. पाकळी डावी पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. देवाला माणसाचं दुखणं कळतं, इतकी ती साधी गोष्ट होती. असल्या गोष्टीचा कुणी व्हिडिओ काढत नाही.

व्हिडिओ काढायला सहा वर्षांपूर्वी पुण्याहून अनिश आला. गोड मुलगा, कॅमेरा गळ्यात, सगळ्यांना काका-काकी करत फिरला. गाव का सोडता, असं त्याने दहा जणांना विचारलं आणि दहा जणांनी देवाचा हुकूम म्हणून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. ते बघवलं नाही देवेशला. देवेश पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला न्यायचा. डॉल्फिन दिसले नाहीत तर त्यांच्याबद्दल काहीबाही सांगून पैसे वसूल झाल्यासारखं वाटायला लावायचा. जिभेला हाड नव्हतं, आणि समोर कॅमेरा.

त्याने बुधो काढला. आजोबांच्या वेळी बुधो नावाचा एक दारुडा गावपळणीला घरात लपून राहिला. गाव परत आलं तर बुधो ओटीवर बसलेला, धडधाकट, हसतोय, बोलतोय. पण तो बुधो नव्हता. अंग त्याचंच, आत दुसरंच कोणीतरी. कुणी ओळखलं, म्हणून अनिशने विचारलं. देवेशने क्षणभर खाडीकडे बघितलं आणि म्हणाला, बायकोने.

शेजारी त्याचा बाप तुकाराम जाळं शिवत बसला होता. तुकाराम तांडेल, आयुष्यभर होडी हाकलेला माणूस, मोजकं बोलणारा. मान वर न करता तो म्हणाला, "बुधो खंयचो रे? आमच्या गावात असो कोण जन्माक नाय इलो."

देवेशने अनिशला डोळा मारला. ते वाक्य व्हिडिओत आलं नाही. त्या दिवशी जेवताना तुकाराम पोराशी बोलला नाही. देवाच्या कामात चेष्टा नको, एवढंच चंद्रावतीकडून त्याने निरोपासारखं कळवलं.

चंद्रावती त्याची बायको. तिला तो कधी नावाने हाक मारत नसे. त्या पिढीतला कुठलाच पुरुष मारत नाही. घरात ‘गो’ म्हटलं की तिने ओळखायचं, चारचौघांत नुसतं खाकरायचं. लग्न होऊन चाळीसेक वर्षं झाली होती आणि आपलं नाव नवऱ्याच्या तोंडून कसं ऐकू येतं हे तिला माहीत नव्हतं. त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

व्हिडिओ कुठच्या कुठे गेला. माणसं यायला लागली. गोव्याला जाताना वाट वाकडी करून यायची आणि बुधोचं घर कुठे म्हणून विचारायची. पहिल्या वर्षी लोक हसून ‘नाही हो’ म्हणायचे. दुसऱ्या वर्षी नुसतं हसायचे. मग कुणीतरी कोठाराच्या जोत्याकडे बोट केलं आणि तिथे फोटो निघायला लागले. दत्तप्रसादने आपल्या घरामागे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. देवस्थान समितीचा तोच अध्यक्ष. माणूस वाईट म्हणावा असा नाही. अडल्यानडल्याला गाडी काढणारा, गावात नळ आणणारा. त्याने जोत्याला कुंपण घातलं आणि पाटी लावली. देवेशच्या होडीलाही गिऱ्हाईक वाढलं. डॉल्फिन दाखवून झाले की तो खाडीतून जोतं दाखवायचा, आणि शप्पत सांगायची तर त्याला मजा येत होती.

मजा एकदाच थोडी उतरली. शेजारच्या विमलाकाकी, मासळी विकणाऱ्या, साठी उलटलेल्या, एकदा ओट्यावर बसून पर्यटक बायकांना बुधोची गोष्ट सांगत होत्या. त्याच्या बायकोने त्याला कसं ओळखलं, हे देवेशने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याला सुचलंच नव्हतं. काकींना ते माहीत होतं. बुधोची बायको पाण्याची कळशी घेऊन दारात आली, आणि आतून बुधोने तिला नावाने हाक मारली. ‘घोव कदी नावान हाक मारता?’ काकी म्हणाल्या. कळशी तिथेच पडली म्हणे.

काकी, हे तुम्हाला कुणी सांगितलं, म्हणून देवेशने नंतर विचारलं. काकींनी त्याच्याकडे बघितलं. मी बघितलंय, म्हणाल्या, मी तेव्हा परकरातली होते, कळशीचा आवाज अजून कानात आहे. त्यांच्या डोळ्यांत देवेशने थट्टा शोधली. थट्टा नव्हती. तो उठून होडीकडे चालू लागला, आणि खोटं कशाला बोला, आतून त्याला थोडं बरंही वाटलं.

तीन वर्षांपूर्वीच्या पळणीला बुधो गाऱ्हाण्यात शिरला. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने घातलेलं मागणं. एकाने बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला गावाने ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. दत्तप्रसादने बुधोचं एक वाक्य घातलं, गावाने व्हय महाराजा म्हटलं, आणि त्या दिवसापासून बुधो देवाच्या दरबारातला झाला. मागे राहण्याचा कौल त्या वर्षी कुणी मागितला नाही. मागितला असता तर बुधोचं काय करायचं, हा प्रश्न आला असता. एक म्हातारी होती पलीकडच्या आळीत, तिला खुर्चीला बांधून पलीकडे नेली. नंतर महिनाभरात ती गेली, पण म्हातारीच होती.

ह्या वर्षी पावसाळा संपता संपता तुकाराम होडीवर कोसळला. दत्तप्रसादनेच गाडी काढून त्याला सावंतवाडीला नेलं. जीव वाचला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि श्वासाला यंत्र लागलं. विजेवर चालणारं, खाटेच्या बाजूला दिवसभर घरघरणारं. परत आणताना वाटेत तो काळानिळा पडला. डॉक्टरांनी फोनवरच बजावलं, आता ह्यांना घरातून हलवू नका, पुन्हा असं झालं तर हाताला लागणार नाहीत. चंद्रावती त्याला चमच्याने पेज भरवायची. तो तिच्याकडे बघायचा, ओठ हलवायचा, आवाज निघायचा नाही.

आणि मार्गशीर्ष आला.

देवेशने मनाशी ठरवलं होतं. जुन्या रीतीने बाबांसाठी कौल मागायचा. पाकळी उजवी पडणारच. दाराला टाळ बांधायचा, आपण सोबतीला राहायचं, आई आणि वर्षालीला पलीकडे पाठवायचं. वर्षाली त्याची बायको, सातवा महिना लागलेला. तिच्या सोबतीला आई हवीच होती. देवळात तो पुढे जाऊन उभा राहिला. पळणीचा कौल झाला आणि दत्तप्रसाद हात जोडून गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. हे संपलं की बोलायचं, असं म्हणून देवेशने पण हात जोडले.

"हे देवा रवळनाथा महाराजा, तुझी लेकरां आज गाव सोडून भायर जातत, तेंची राखण कर महाराजा."

"व्हय महाराजा," गाव म्हणालं.

गुराढोरांचं झालं, होड्याजाळ्यांचं झालं. आवाजाला एक लय असते आणि ‘व्हय महाराजा’ तोंडातून निघत नाही, तोंड आपोआप त्यात जातं. पोर पाळण्यातून उठून देवळात आलं की आधी हेच शिकतं.

"आणि बुधोसारखो जो कोण तुझो हुकूम मोडून मागे रवात, तेचा काय ता तेच्याच पदरात पडांदे, गावार येव नये महाराजा."

"व्हय महाराजा."

सगळ्यांनी म्हटलं. देवेशने पण म्हटलं. खणखणीत, दोन्ही हात जोडून. म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय म्हटलं, आणि त्याचे जोडलेले हात तसेच राहिले. देवापुढे घातलेलं मागणं परत घ्यायची रीत नाही. असती तरी ती कुणाला माहीत नव्हती, कारण आजवर कुणाला लागली नव्हती.

तो बोलला. गर्दी हलायला लागली होती तरी मोठ्याने बोलला. बाबांना हलवता येत नाही, जुनी रीत होती, कौल लावा. माणसं थांबली. गुरवाने दत्तप्रसादकडे बघितलं. दत्तप्रसाद हळू आवाजात म्हणाला की गाऱ्हाणं तर झालं, आणि बुधोचं उदाहरण समोर असताना देवाची परीक्षा कशी बघायची.

"बुधो खोटो आसा," देवेश म्हणाला. "मी काढलंय तेका. त्या पुण्याच्या पोराक सांगूक. बाबा तेव्हाच माका बोललेले."

तेवढ्यात विमलाकाकी पुढे आल्या. रागाने नाही. त्यांनी त्याच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू जलमाक येवच्या आदी मी तेका बघलंय रे, झिला."

दत्तप्रसादने लोकांकडे वळून सांगितलं की बापासाठी पोरगा खोटं बोलतोय, त्याचा राग धरू नका, कुणीही बोललं असतं. लोकांनी माना हलवल्या. राग कुणालाच आला नव्हता. उलट बाहेर पडताना दोघाचौघांनी देवेशच्या खांद्यावर हात ठेवला, मयताच्या घरी ठेवतात तसा. राग आला असता तर भांडता आलं असतं.

राहू नको असं कुणी म्हटलं नाही. यंत्राची वीज तोडायचं एका पोराने सुचवलं, पळणीत गावात वीज बंद ठेवायची रीत म्हणून, तर दत्तप्रसादने त्याला गप्प केलं. निघताना चंद्रावतीने नवऱ्याचं तोंड पुसलं, उशी सारखी केली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत येऊन पुन्हा उशी सारखी केली. मी राहते, म्हणाली. देवेशने वर्षालीच्या पोटाकडे बोट दाखवलं. मग ती गेली. आंब्याचा टाळ देवेशने स्वतःच तोडून दाराला बांधला. देवाला विचारलेलं नव्हतं, पण टाळ बांधला.

रिकामं गाव दिवसा वाईट. कोंबडा आरवत नाही, कुत्रं भुंकत नाही, माडावरून नारळ पडला तर तो कुणाच्या परसात पडला हे बघायला कुणी जात नाही. दुपारच्या उन्हात घरांची कुलपं चमकत होती. देवेश विहिरीवर गेला आणि रहाटाचा आवाज एवढा मोठा झाला की त्याने अर्धी कळशी घेऊनच पळ काढला. मग स्वतःवरच चिडला. आपणच रचलेल्या भुताला भिणारा मूर्ख, असं मोठ्याने म्हणाला, आणि तो आवाजही त्याला आवडला नाही.

पलीकडच्या काठावर माणसं उभी असायची. वारा गावाकडून असला की यंत्राची घरघर त्यांना ऐकू जात असावी. कुणी हात करत नव्हतं. एका सकाळी दत्तप्रसादच्या पाहुण्यांची होडी अर्ध्या खाडीपर्यंत आली. ती देवेशचीच होडी होती, दुसराच कुणी हाकत होता. माणसं घराकडे मोबाइल रोखून उभी राहिली. देवेश ओटीवर आला तशी एका बाईने आपल्या मुलाचे डोळे झाकले. होडी हाकणारा काय सांगत असेल हे देवेशला ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती, शब्दन् शब्द त्याचाच होता.

शेवटच्या दिवशी दुपारी पेज भरवताना तुकारामने चमचा डाव्या हाताने बाजूला केला. त्याचे ओठ नेहमीसारखे हलले, आणि ह्या वेळी आवाज निघाला. घोगरा, ओला, पण आवाज.

"चंद्रा."

देवेशच्या हातातली वाटी सांडली. तो रडला, हसला, बापाचे पाय धरले. परत म्हणा, परत म्हणा, असं म्हणत राहिला आणि म्हातारा परत म्हणाला. चंद्रा. दुसरा शब्द येत नव्हता. पेज, पाणी, देवेश, सगळ्याला तोच. महिनोन्महिने जी समोर बसून भरवत होती, तिचं नाव आत कुठेतरी साठत गेलं असेल आणि तेच आधी बाहेर पडलं. आई किती आनंदेल, ह्या विचाराने देवेश ओटीवर धावला. तिथूनच पलीकडे ओरडून सांगावं म्हणून त्याने तोंडाभोवती हात धरले.

आणि तसाच उभा राहिला. काठावर विमलाकाकी उभ्या होत्या, त्यांच्या कमरेवर कळशी होती.

तो आत आला, दार लोटलं. बापाच्या खाटेशी बसून त्याने समजावायला सुरुवात केली. "बाबा, आयेक नावान हाक मारू नको. ‘गो’ म्हण. नुसता गो." तुकारामने त्याच्याकडे लक्ष देऊन बघितलं, सगळं बळ एकवटलं आणि म्हणाला, चंद्रा. देवेशने पुन्हा सांगितलं. मग हात जोडले. मग त्याचा आवाज चढला. मग गप्प राहा, असं तो त्या माणसाला म्हणाला, जो तीन महिने गप्पच होता आणि ज्याने बोलावं म्हणून त्याने नवस केला होता. तुकारामच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने डोळे पुसायला देवेशचाच हात ओढला.

सकाळी कौल झाला आणि गाव परतलं. आधी कोंबड्यांचा आवाज आला, मग चपलांचा. घराघरांची कुलपं निघाली, पण माणसं आत गेली नाहीत. सगळी तांडेलाच्या अंगणाच्या कडेला येऊन थांबली. दत्तप्रसाद होता, काकी होत्या, वर्षाली एका बाईच्या हाताला धरून मागे उभी होती. देवेशने बापाला पांघरूण गळ्यापर्यंत ओढून झोपवलं होतं. ओटीवर बसवायचं त्याच्या मनात आलं होतं. पण ओटीवर गोष्टीतला बुधो बसला होता.

चंद्रावती एकटी पुढे आली. दारातला टाळ सुकला होता. तिने देवेशकडे बघितलं, बरे आहेत ना, असं नजरेनेच विचारलं. त्याने मान हलवली. तिचा चेहरा उजळला, तिने पाऊल उचललं, आणि तिच्या बांगड्या वाजल्या.

"चंद्रा," आतून आवाज आला.

तिचं पाऊल उंबऱ्यावर पोचलं नाही. मागे अंगणात कुणीतरी श्वास ओढला. दुसरं काहीच झालं नाही. कुणी ओरडलं नाही, पळालं नाही. काकींनी फक्त डोळे मिटून घेतले, मला माहीतच होतं असं म्हणावं तसे.

देवेशने आईचे दोन्ही हात धरले. भराभरा सांगितलं की त्यांना वाचा आलीय, एवढा एकच शब्द येतो, डॉक्टरांना विचारू, सगळं सांगतील. ती ऐकत होती.

"आये, बुधो खोटो आसा. मी काढलंय. तुका म्हायत आसा मां?"

"म्हायत आसा," ती म्हणाली. "बुधो नव्हतोच. तुझ्या बापाशीन तेव्हाच सांगलेल्यान." तिने हात सोडवून घेतले आणि त्याच्या खांद्यावरून आत, अंधाऱ्या खोलीकडे बघितलं. "पण ह्यो कोण?"

आत यंत्र घरघरत होतं. म्हाताऱ्याने पुन्हा हाक मारली, ह्या वेळी जरा स्पष्ट, जमलं म्हणून खूश होऊन मारावी तशी. देवेशला वळून बापाकडे जायचं होतं. तो वळलाही. पण वळायच्या आधी क्षणभर थांबला. आणि तो थांबलेला सगळ्या गावाने बघितला.